मोटारीची वाढीव ताकद : ट्यूनिंग बॉक्स आणि रिमॅपिंग

डिझेल इंजिनाच्या जुन्या इंधनपंपावर एक लहानसा स्क्रू असे. इंजिनावर पूर्ण भार असताना प्रत्येक खेपेस सिलिंडरात जास्तीत जास्त किती तेल जावे, याची मर्यादा तो ठरवी. कारखान्यात त्याची जागा एकदा निश्चित झाली की त्यातून तार ओवून तिच्यावर शिशाचे सील ठोकीत. मालाने भरलेली गाडी चढावर रेटेनाशी झाली म्हणजे मिस्त्री पकडीने ते सील तोडी आणि स्क्रू पाव फेरा फिरवी. गाडी चढू लागे. मागे काळ्या धुराचा लोट उठे. काही महिन्यांनी दट्ट्यांच्या कड्या आणि झडपा आपली तक्रार मांडू लागत. जबलपूर येथे १९६९ साली वाहन कारखाना उभा राहिला आणि तेथून शक्तिमान मालमोटारी बाहेर पडू लागल्या, त्या काळातील इंजिनांमध्ये शक्तीची मर्यादा अशी डोळ्यांना दिसणारी व बोटांना लागणारी वस्तू होती. आज ती दिसत नाही. ती आकड्यांच्या तक्त्यांत गेली आहे आणि ते तक्ते नियंत्रक-संगणकाच्या स्मृतीत साठविलेले असतात. मर्यादा ओलांडण्याची इच्छा मात्र जुनीच आहे.

ही इच्छा कोठे उत्पन्न होते हे पाहावयाचे असेल, तर जबलपूर जिल्ह्यातील कुंडम या तालुक्याच्या गावावरून जाणारा रस्ता ध्यानात घ्यावा. जबलपूरहून शहापुरा, डिंडोरी आणि पुढे अमरकंटककडे जाणारी वाहतूक येथून जाते. जबलपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४१२ मीटर उंच आहे, अमरकंटक सुमारे १,०४८ मीटर. आणि नर्मदेस मिळणारी हिरण नदी कुंडमजवळ सुमारे ६०० मीटर उंचीवर उगम पावते. म्हणजे पूर्वेकडे निघालेल्या वाहनास एकंदरीत चढच चढावा लागतो. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. शहरात काही वर्षे चाललेली डिझेल मोटार अशा भागात दुसऱ्या मालकाकडे येते आणि पुढे कुटुंबाची व मालाची दोन्ही कामे करते. ती चढावर मंदावली म्हणजे मालकापुढे दोन उपाय ठेवले जातात. एक, तारांच्या जोडात खोचून बसविण्याची छोटी पेटी, जिला बाजारात 'ट्यूनिंग बॉक्स' म्हणतात. दुसरा, नियंत्रकातील तक्तेच बदलून घेणे, ज्यास 'रिमॅपिंग' हे नाव रूढ झाले आहे. दोहोंची जाहिरात एकाच भाषेत होते. दोहोंचे कार्य मात्र मुळातच निराळे आहे.

ते समजण्यासाठी आजच्या डिझेल इंजिनात तेल कसे पोचते हे प्रथम पाहू. १९९७ साली 'कॉमन रेल' ही पद्धती प्रवासी मोटारीत प्रथम विक्रीस आली. तीत एक पंप तेलाचा दाब वाढवून ते एका जाड, सामाईक नळीत साठवितो आणि त्या नळीतून प्रत्येक सिलिंडरच्या इंजेक्टरला तेल मिळते. हा दाब अनेक मोटारींत १,६०० बारपर्यंत जातो. बोटाच्या नखाएवढ्या, म्हणजे सुमारे एक चौरस सेंटिमीटर जागेवर दीड टनाहून अधिक वजन ठेवावे, तसा हा प्रकार होय. इंजेक्टर सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा किंवा त्याच्या आगेमागे काळ उघडतो. तो किती काळ उघडला आणि त्या वेळी नळीत दाब किती होता, या दोन गोष्टींवरून किती मिलिग्रॅम तेल आत गेले हे ठरते. नळीवर बसविलेला संवेदक दाबाच्या प्रमाणात विजेचा दाब निर्माण करतो, सामान्यतः अर्धा व्होल्ट ते साडेचार व्होल्ट. नियंत्रक तो वाचतो, आपल्या तक्त्याशी ताडून पाहतो आणि पंपाच्या झडपेस कमीअधिक उघडण्याची आज्ञा देतो.

ट्यूनिंग बॉक्स नेमका येथे शिरतो. संवेदकाचा जोड काढून त्याच्या व नियंत्रकाच्या मध्ये ही पेटी बसविली जाते. नळीत दाब १,४५० बार असताना ती नियंत्रकास १,२०० बारचा संकेत पाठविते. नियंत्रकास १,२०० बारच हवे होते. तो समाधान पावतो. इंजेक्टर मात्र १,४५० बारच्या दाबाने तेल सोडीत असतो. छिद्रातून वाहणाऱ्या द्रवाचे मान दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते; त्यामुळे दाब सुमारे २१ टक्क्यांनी वाढला की तेल सुमारे १० टक्क्यांनी वाढते. ताकद वाढते ती यामुळे. पेटीत कोणतीही गूढ विद्या नसते. स्वस्त पेट्यांत तर एखाद्या रोधाहून फारसे काही आढळत नाही. चांगल्या पेट्यांत लहान संगणक असतो व तो टर्बोच्या दाबाचा संकेतही त्याच रीतीने बदलतो. पण तत्त्व एकच राहते : इंजिनास मिळणारी माहिती खोटी करावयाची आणि त्याच्याकडून हवी ती कृती करवून घ्यावयाची.

या खोट्या माहितीचे परिणाम एका ठिकाणी थांबत नाहीत. आत गेलेले तेल नियंत्रक मोजीत नाही, तो त्याचा हिशेब करतो. त्या हिशेबावर धूर रोखण्याची मर्यादा, धुऱ्यास मिळणाऱ्या टॉर्कचा अंदाज, काजळी अडविणारी गाळणी केव्हा जाळून साफ करावयाची याचा निर्णय, आणि स्वयंचलित गिअर असल्यास त्यातील क्लचवर किती दाब ठेवावयाचा हे सर्व अवलंबून असते. पहिला आकडा खोटा झाला की ही सगळी गणिते बिघडतात. गमतीचा भाग असा की चालकासमोरच्या पटलावर 'एका लिटरास इतके किलोमीटर' हा जो आकडा दिसतो, तोही याच हिशेबातून येतो. पेटीने तेल दहा टक्क्यांनी वाढविले असेल तर लिटरास १५ किलोमीटर जाणारी मोटार पटलावर १६.५ दाखवील. ताकदही वाढली आणि बचतही झाली, असा मालकाचा समज होतो व तो प्रामाणिकपणे चार जणांना तसे सांगतो. टाकी काठोकाठ भरून, अंतर नोंदवून, पुन्हा काठोकाठ भरण्याची जुनी रीत ज्याने अवलंबिली त्यासच खरा आकडा कळतो.

रिमॅपिंगमध्ये संवेदकांना हात लावीत नाहीत. नियंत्रकातील तक्ते तपासणीच्या जोडातून, किंवा नियंत्रक काढून टेबलावर घेऊन, संगणकाने वाचून काढतात. पूर्वी, १९८० नंतरच्या काही वर्षांत, हे तक्ते बदलण्यासाठी स्मृतीची चिपच काढून दुसरी बसवीत. 'चिप ट्यूनिंग' हे नाव तेव्हापासूनचे. या तक्त्यांत पायाखालची कळ किती दाबली असता किती टॉर्क द्यावयाचा, हवा किती असता तेल जास्तीत जास्त किती सोडावयाचे, ते दट्ट्याच्या कोणत्या स्थानी सोडावयाचे, नळीतील दाब व टर्बोचा दाब किती ठेवावयाचा, आणि पाणी वा हवा तापल्यास किती आखडते घ्यावयाचे, हे सर्व स्वतंत्रपणे लिहिलेले असते. जाणता तंत्रज्ञ यांपैकी जे एकमेकांशी निगडित आहेत ते एकत्र बदलतो : तेल वाढवितो तर हवाही वाढवितो, आणि संरक्षणाचे तक्ते तसेच ठेवतो. नळीत १,४५० बार असतील तर नियंत्रकासही १,४५० बारच दिसतात. पाणी तापले तर इंजिन पूर्वीप्रमाणेच शक्ती कमी करते. थोडक्यात, येथे आज्ञा बदलते, माहिती बदलत नाही.

हवेचा प्रश्न या विषयाच्या मुळाशी आहे, म्हणून तो आकड्यांनिशी पाहणे योग्य होईल. उदाहरणादाखल महाराष्ट्राच्या परिचयाचे इंजिन घेऊ. फियाटचे १,२४८ घन सेंटिमीटरचे 'मल्टिजेट' हे डिझेल इंजिन पुण्याजवळ रांजणगाव येथे बनत असे आणि मारुती, टाटा व फियाट यांच्या अनेक मोटारींत ते बसविलेले होते. १ एप्रिल २०२० पासून 'भारत टप्पा ६' हे उत्सर्जनाचे निकष लागू झाले आणि ते इंजिन मागे पडले. पण रस्त्यावर ते अजून विपुल आहे, आणि पेट्या व रिमॅप या दोहोंचेही ते आवडते गिऱ्हाईक आहे. त्याच्या ७५ अश्वशक्तीच्या प्रकारात १९० न्यूटन-मीटर टॉर्क मिनिटास २,००० फेऱ्यांवर मिळतो. प्रत्येक सिलिंडर ३१२ घन सेंटिमीटरचा. टर्बोने हवा २.२ बार निरपेक्ष दाबाने भरली व ती ५० अंशांवर असली, तर ढोबळ मानाने एका खेपेस ६६० मिलिग्रॅम हवा आत येते. डिझेलच्या एका भागास पूर्ण जळण्यासाठी तत्त्वतः साडेचौदा भाग हवा पुरते. पण सिलिंडरात तेल व हवा मिसळण्यास वेळ अत्यल्प असल्यामुळे व्यवहारात सुमारे अठरा भाग हवा असावी लागते, नाहीतर धूर निघू लागतो. ६६० स १८ ने भागले असता ३७ मिलिग्रॅम येतात. आणि १९० न्यूटन-मीटर टॉर्कसाठी लागणारे तेलही जवळजवळ तेवढेच भरते. म्हणजे निर्मात्याने त्या ठिकाणी हवेचा बहुतेक सर्व उपयोग करून घेतलेला आहे.

आता तेलाचाच दाब वाढविणाऱ्या पेटीने ३७ चे ४१ मिलिग्रॅम केले. हवा तीच राहिली. प्रमाण अठरावरून सोळावर आले. वाढीव तेलाचा काही भाग जळून ताकद देतो, काही भाग काजळी होतो, आणि जळणाऱ्या वायूंचे तापमान वाढून त्याचा भार टर्बोच्या चाकावर पडतो. मिनिटास १,५०० फेऱ्यांवर, जेथे टर्बो अजून नीट जागाही झालेला नसतो, तेथे हवा याहून कमी असते. आणि चढावर वरच्या गिअरमध्ये मोटार कण्हते ती नेमकी याच टप्प्यात. ज्या ठिकाणी मालकास मदत हवी त्याच ठिकाणी पेटीजवळ देण्यासारखे काही नसते.

त्यात उंचीची भर पडते. ६०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे ७ टक्क्यांनी, तर अमरकंटकाच्या उंचीवर सुमारे १२ टक्क्यांनी कमी असतो. सिलिंडरात तोच २.२ बार दाब राखावयाचा तर टर्बोस अधिक वेगाने फिरावे लागते, आणि लहान मोटारीचा टर्बो आधीच मिनिटास दोन लक्ष फेऱ्यांच्या घरात असतो. नियंत्रकास बाहेरच्या हवेचा दाब कळतो. उंची वाढली की तो मर्यादा आखडून घेतो. पेटीला डोंगराची खबर नसते. समुद्रकाठच्या शहरात तपासून विकलेला तयार तक्ताही, उंचीचे आकडे न पाहता लिहिलेला असेल, तर याच दोषास पात्र होतो.

येथे एक गणित मालकाच्या उपयोगी पडेल. माणसे व माल मिळून अडीच टन वजनाची गाडी, शंभरास पाच असा चढ, वेग ताशी ४० किलोमीटर. वजन वर खेचण्यास सुमारे १,२२५ न्यूटन, चाकांच्या घर्षणास सुमारे ३७० आणि वाऱ्याच्या विरोधास सुमारे ११०, असा एकूण १,७०० न्यूटन जोर लागतो; म्हणजे चाकांपाशी सुमारे १९ किलोवॅट, अर्थात २५ अश्वशक्ती. ७५ अश्वशक्तीच्या इंजिनास हे ओझे नव्हे. अशा गाडीत उणीव बहुधा शक्तीची नसते. फेरे कमी पडलेले असतात, आणि एक गिअर खाली घेतला असता ती भरून निघते. हवेची गाळणी धुळीने भरली आहे काय, टर्बोपासून येणारी रबरी नळी फाटली आहे काय, इंजेक्टर गळतात काय, हे पाहण्यास खर्च कमी येतो, आणि मंदावलेल्या जुन्या मोटारीचे कारण पुष्कळदा तेथेच सापडते. फाटक्या नळीच्या इंजिनावर पेटी बसविणे म्हणजे हवा आधीच कमी असताना तेल वाढविणे होय.

मग निर्माते स्वतः तेच इंजिन कमीअधिक शक्तीचे विकतात ते कसे, असा प्रश्न विचारला जातो. मल्टिजेटचाच ९० अश्वशक्तीचा प्रकार होता, हे खरे आहे. परंतु त्यात पाती फिरवून आपला मार्ग लहानमोठा करणारा निराळा टर्बो होता आणि टॉर्क २०० न्यूटन-मीटर, मिनिटास १,७५० फेऱ्यांवर मिळे. टॉर्कचा आकडा फारसा वाढला नाही. तो लवकर मिळू लागला व वरपर्यंत टिकला. पंधरा अश्वशक्तीचा हा फरक केवळ आकड्यांचा नव्हता, लोखंडाचाही होता. 'कंपनीने आकडे मुद्दाम दाबून ठेवले आहेत' हे विक्रेत्याचे वाक्य काही इंजिनांच्या बाबतीत खरे असते, सर्वांच्या बाबतीत नाही.

पेटीच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती दहा मिनिटांत बसते व दहा मिनिटांत निघते. नियंत्रकाच्या स्मृतीस तिचा स्पर्श होत नाही. कुंडमसारख्या ठिकाणी, जेथे तक्ते बदलणारा तज्ज्ञ जवळपास नसतो, ती टपालाने येते. रिमॅप करताना मध्येच बॅटरी उतरली तर नियंत्रक निकामी होण्याचा धोका असतो, पेटीत तो नाही. पण 'सहज निघते' हा गुण बहुधा हमीच्या मुदतीत कार्यशाळेपासून ती लपविण्यासाठीच कामी येतो, आणि दट्ट्यास तडा गेल्यावर पेटी काढून ठेवली तरी तडा राहतो. शिवाय नव्या मोटारींतील संवेदक व्होल्टऐवजी अंकांच्या रूपात संकेत पाठवितात. त्यांच्यापुढे जुन्या धर्तीची पेटी निरुपयोगी ठरते.

रिमॅपिंगची बाजू निष्कलंक आहे असे मात्र कोणी समजू नये. 'खास आपल्या मोटारीसाठी' म्हणून विकले जाणारे पुष्कळ तक्ते प्रत्यक्षात परदेशातून घेतलेल्या तयार प्रती असतात आणि त्यांत गाडीचा क्रमांकही पाहिलेला नसतो. युरोपातील ९८ ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी लिहिलेला तक्ता इथल्या पंपावरच्या पेट्रोलवर चालविला तर टर्बो असलेल्या पेट्रोल इंजिनात इंधन अवेळी पेटून ठोके पडू लागतात. खऱ्या अर्थाने 'खास' तक्ता तो, जो करण्यापूर्वी मोटार रुळांवर चढवून तिची शक्ती मोजली, नळीतील व हवेतील दाब मागितले किती व मिळाले किती याची नोंद घेतली, आणि बदलानंतर तेच सर्व पुन्हा मोजले. ही दोन पत्रके व मूळ तक्त्याची प्रत ज्याला दाखविता येत नाही, त्याच्याकडून काम करून घेण्यापेक्षा मोटार आहे तशी चालविणे बरे. आणखी एक वाईट प्रथा म्हणजे रिमॅपच्या नावाखाली काजळीची गाळणी व धूर परत इंजिनात नेणारी झडप यांना तक्त्यातून मुके करणे. तेथे माहितीही खोटी होते आणि आज्ञाही.

तक्त्याने खोटे बोलता येते हे जगाने फार मोठ्या प्रमाणावर पाहिलेले आहे. २०१५ च्या सप्टेंबरात फोक्सवॅगनच्या डिझेल मोटारींतील कार्यक्रम परीक्षा ओळखून केवळ परीक्षेपुरते उत्सर्जन कमी करीत असल्याचे अमेरिकेत उघड झाले. भारतात पुण्याच्या 'ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया' या संस्थेने तपासणी केली, आणि डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने सुमारे ३,२३,७०० मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलाविण्याचे जाहीर केले. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ५०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सर्वोच्च न्यायालयाने पुढे सक्तीच्या कारवाईस मनाई केली. कारखान्यातील तक्त्याचीही जर अशी परीक्षा घ्यावी लागते, तर बाजारातील तक्त्याची घ्यावी लागेल यात नवल नाही.

कायद्याची दृष्टीही मालकाने ओळखून असावी. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या ५२ व्या कलमानुसार निर्मात्याने मूळ ठरविलेल्या तपशिलाशी नोंदणीपत्र विसंगत होईल असा फेरबदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे लावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने, सुटे भाग बसवून परवानगीबाहेर फेरबदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. धुराच्या दाखल्यावर विसंबून राहण्यातही अर्थ नाही. ही परीक्षा उभ्या गाडीत, भाराविना, कळ झटकन दाबून घेतात. तेथे 'भारत टप्पा ४' च्या डिझेल मोटारीस ५० धूरमानापर्यंत सूट आहे, त्याआधीच्या मोटारींस ६५ पर्यंत. पेटीचा धूर चढावर, पूर्ण भाराखाली निघतो. दाखला शुद्ध आणि रस्ता काळा, असे सहज होऊ शकते.

राहता राहिला जुनी मोटार विकत घेणारा. पेटी विकणाऱ्याने काढून ठेवलेली असते. पण नळीवरील संवेदकाचा जोड वारंवार काढल्याच्या खुणा, तुटलेली खिटी, नवी चिकटपट्टी गुंडाळलेली तार, हे पाहता येते. तक्ता किती वेळा लिहिला गेला याची नोंद अनेक नियंत्रक ठेवतात व ती अधिकृत कार्यशाळेत वाचता येते. आणि सौदा ठरण्यापूर्वी मोटार भार घालून एखाद्या लांब चढावर तिसऱ्या गिअरमध्ये नेऊन, मागे बसलेल्या माणसास काचेतून धुराकडे पाहण्यास सांगावे.